मरकॅप्टन म्हणजे काय, आणि ते गॅसमध्ये मुद्दाम का घालतात?

२१ जानेवारी २०१३ रोजी फ्रान्समधल्या रुआं शहरातल्या एका रसायन कारखान्यात गडबड झाली. वंगण तेलात मिसळायच्या एका रसायनाचं टाकीतल्या टाकीत विघटन सुरू झालं आणि वायू बाहेर पडू लागला. वाऱ्यावर स्वार होऊन तो वास आधी शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या पॅरिसला पोचला. मग वारा फिरला आणि तो इंग्लिश खाडी ओलांडून दक्षिण इंग्लंडात गेला. आपल्याच घरात गॅस गळतोय असं वाटून हजारो लोकांनी फोन फिरवले. रुआंमधला एक मोठा फुटबॉल सामना पुढे ढकलावा लागला. प्रत्यक्षात यातल्या कुणाच्याही घरात गळती नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत एकच शब्द होता: मरकॅप्टन.

हा शब्द अधूनमधून असाच डोकावतो. गॅस गळतीच्या बातमीत असतो, तेलशुद्धीकरणाच्या बातमीत असतो, कधी औषधाच्या माहितीपत्रकात किंवा केसांच्या क्रीमच्या डब्यावर थोड्या वेगळ्या रूपात दिसतो. वाचणाऱ्याचा समज असा होतो की मरकॅप्टन हा कुठलातरी एक विषारी वायू आहे. तो एक नाही, त्यातले बरेचसे वायूही नाहीत, आणि काही तर या क्षणी आपल्या शरीरात आहेत.

एक पदार्थ नव्हे, अख्खं घराणं

अल्कोहोल हा शब्द आपल्याला माहीत असतो. रसायनशास्त्रात अल्कोहोल म्हणजे कार्बनच्या सांगाड्याला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी टांगलेला रेणू. आता या जोडीतला ऑक्सिजन काढा आणि त्या जागी गंधक बसवा. झाला मरकॅप्टन. मूलद्रव्यांच्या तक्त्यात गंधक ऑक्सिजनच्या बरोबर खालच्या घरात बसतो, त्यामुळे ही अदलाबदल सहज जमते. पण स्वभाव मात्र बदलतो, आणि पुढची सगळी गंमत त्या बदललेल्या स्वभावात आहे.

तेव्हा व्याख्या एवढीच: ज्या रेणूत कार्बनला गंधक आणि त्या गंधकाला हायड्रोजन जोडलेला असतो, तो मरकॅप्टन. या गंधक-हायड्रोजन जोडीला ‘एस-एच गट’ म्हणतात. कार्बनचा सांगाडा एका अणूचा असेल तर मिथाइल मरकॅप्टन, दोन अणूंचा असेल तर इथाइल मरकॅप्टन, आणि असं पुढे. सडक्या अंड्यांचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड या घराण्यात मोडत नाही, कारण त्यात कार्बनच नाही. जवळचा नातेवाईक म्हणा हवं तर.

मग थायॉल कोण?

थायॉल म्हणजे तेच. १८३४ साली डॅनिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रिस्टोफर त्साइसे यांनी अल्कोहोलपासून एक उग्र वासाचा द्रव तयार केल्याचं जाहीर केलं. पाऱ्याच्या संयुगाशी गाठ पडताच तो त्यावर तुटून पडे आणि पाऱ्याला घट्ट धरून ठेवे. त्यावरून त्यांनी ‘पारा पकडणारा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांचा जोड करून मरकॅप्टन हे नाव दिलं. थायॉल हे नाव नंतरचं. त्यातला ‘थाय’ ग्रीकमधल्या गंधकाच्या नावावरून आला, आणि शेवटचा ‘ऑल’ अल्कोहोलशी असलेलं नातं सांगतो.

रसायनांच्या नावांचे नियम ठरवणारी आयुपॅक ही आंतरराष्ट्रीय संस्था आता थायॉल हेच नाव मानते. पाठ्यपुस्तकंही तेच वापरतात. गॅस आणि तेलाच्या धंद्यातली माणसं मात्र अजून मरकॅप्टनच म्हणतात, आणि जीवरसायनशास्त्रज्ञ त्याच एस-एच गटाला सल्फहायड्रिल म्हणतात. म्हणजे तीन वेगळ्या खात्यांची माणसं एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात आणि ऐकणाऱ्याला ती तीन रसायनं वाटतात. यापुढे मी उद्योगधंद्याची गोष्ट आली की मरकॅप्टन आणि शरीराची आली की थायॉल म्हणणार आहे, कारण व्यवहारात तसंच चालतं.

वास इतका भयंकर का येतो?

वास येण्यासाठी रेणूला आधी उडून नाकापर्यंत यावं लागतं. अल्कोहोलचे रेणू एकमेकांना धरून असतात, कारण ऑक्सिजनला टांगलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडेही ओढला जातो. गंधकाच्या बाबतीत ही ओढ फार लेचीपेची असते. परिणाम आकड्यांत बघा: साधं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, तर त्याचा गंधकवाला जुळा भाऊ इथाइल मरकॅप्टन ३५ अंशांनाच उकळतो. मिथाइल मरकॅप्टन तर ६ अंशांना. म्हणजे बाटलीचं बूच उघडायचा अवकाश, माल हवेत.

पण नुसतं उडणं पुरेसं नाही. पेट्रोलही उडतं. मरकॅप्टनच्या बाबतीत आपलं नाकच विलक्षण तीक्ष्ण आहे. हवेच्या एक अब्ज भागांत मरकॅप्टनचा एखादा भाग असला, कित्येकदा त्याहूनही कमी असला, तरी निरोगी नाकाला तो कळतो. माणसाच्या नाकात वास ओळखणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राहक प्रथिनं असतात. त्यातलं एक लहान थायॉल पकडण्यात तरबेज आहे आणि ते काम करताना तांब्याच्या आयनांची मदत घेतं, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. थायॉलला धातूंची ओढ असते हे त्साइसेंनी पाऱ्यात पाहिलं होतं. नाकाने बहुधा तीच ओढ तांब्याच्या रूपाने कामाला लावली आहे.

इतकी तीक्ष्णता कशासाठी, याचा अंदाज बांधता येतो. मांस किंवा कुठलंही प्रथिन सडू लागलं की जिवाणू त्यातल्या गंधकयुक्त भागांचे तुकडे करतात आणि हायड्रोजन सल्फाइड व मिथाइल मरकॅप्टन सुटतात. सडकं खाल्लं तर जीव जाऊ शकतो, तेव्हा हा वास लांबूनच ओळखणारा प्राणी टिकला असणार. तोंडाच्या दुर्गंधीमागेही मुख्यतः हीच जोडगोळी असते. जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू तिथे हेच काम करत बसलेले असतात.

म्हणून सगळ्या थायॉलना घाणेरडा वास येतो असं मात्र नाही. ताज्या भाजलेल्या कॉफीचा जो खमंग वास आहे त्यात एका थायॉलचा मोठा वाटा असतो. ग्रेपफ्रूट या फळाच्या वासातला एक थायॉल तर पाण्याच्या दहा लाख कोटी भागांत एक भाग, इतक्या आसपास असला तरी जाणवतो. दोन्हींचं प्रमाण वाढवलं की तोच वास नकोसा होतो. इथे चांगलं-वाईट बऱ्याच अंशी प्रमाणावर ठरतं.

मग असला पदार्थ गॅसमध्ये मुद्दाम का घालायचा?

कारण शुद्ध नैसर्गिक वायूला वास नसतो, आणि शुद्ध एलपीजीलाही जवळजवळ नसतोच. दोन्ही रंगहीन. खोली भरली तरी पत्ता लागणार नाही.

हे किती महागात पडू शकतं ते १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन इथल्या शाळेत दिसलं. शाळेने तेलविहिरींवरचा फुकट मिळणारा वायू इमारत गरम ठेवण्यासाठी जोडून घेतला होता. तो गळून जमिनीखालच्या पोकळीत साठत राहिला. कुणालाही वास आला नाही, कारण वास नव्हताच. कार्यशाळेत विजेवर चालणारं एक यंत्र सुरू केलं गेलं, ठिणगी पडली, आणि जवळपास ३०० जण गेले. त्यात बहुतेक मुलं होती. त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्सासने वायूला वास देणं सक्तीचं करणारा कायदा केला. पुढे जगात बहुतेक ठिकाणी तशीच पद्धत पडली.

एलपीजीत साधारणपणे इथाइल मरकॅप्टन वापरतात, तर नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूत बऱ्याचदा टर्शरी ब्युटाइल मरकॅप्टन किंवा त्याची मिश्रणं. किती घालतात? अमेरिकेत एलपीजीसाठी रूढ असलेलं प्रमाण १०,००० गॅलनला १ पौंड असं आहे. म्हणजे १,००० लिटर द्रवरूप गॅसमध्ये फक्त १२ ग्रॅमच्या आसपास. तिथला नळाच्या वायूबद्दलचा नियम असा की, हवेत वायूचं प्रमाण स्फोट होण्याइतकं व्हायच्या कितीतरी आधी, म्हणजे त्या पातळीच्या एक-पंचमांशावर असतानाच, सामान्य माणसाला वास कळला पाहिजे. नैसर्गिक वायू हवेत ५ टक्क्यांच्या आसपास पोचला की पेट घेऊ शकतो. तेव्हा १ टक्क्यालाच नाकाने हाक दिली पाहिजे.

या वासाचा आणखी एक चाहता आहे. टर्की गिधाड हा अमेरिका खंडात आढळणारा पक्षी मेलेली जनावरं वासावरून शोधतो. कॅलिफोर्नियातल्या एका तेल कंपनीच्या लोकांच्या लक्षात आलं होतं की लांबच लांब वायुवाहिनी कुठे गळते ते शोधायला गिधाडं कुठे घिरट्या घालतात ते पाहिलं तरी पुरतं. पक्षीतज्ज्ञ केनेथ स्टॅगर यांनी १९६४ मध्ये या पक्ष्यांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. गिधाडांना बिचाऱ्यांना तिथे खायला काहीच मिळत नसणार.

पण मरकॅप्टन विषारी असतं ना?

असतं, प्रमाणात. जास्त तीव्रतेत ते डोकं दुखवतं, मळमळ आणतं, आणि त्याहून जास्त असेल तर श्वासच बंद पाडतं. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सासमधल्या ला पोर्ट इथे कीटकनाशकांच्या कारखान्यात सुमारे ११ टन मिथाइल मरकॅप्टन सुटलं आणि ४ कामगारांचा जीव गेला. ज्या कारखान्यात ते टनावारी साठवलेलं असतं तिथे त्याची भीती बाळगायलाच हवी.

घरातल्या गॅसची गोष्ट वेगळी. तिथे ते इतकं कमी असतं की वासाने जीव नकोसा झाला तरी मरकॅप्टनमुळे विषबाधा व्हायच्या आधी तुमच्यापुढे गॅसच्या स्फोटाचं संकट उभं असेल. शेगडीत जळताना त्यातल्या गंधकाचा किंचितसा सल्फर डायऑक्साइड होतो आणि मरकॅप्टनचा वास संपतो. म्हणूनच नीट पेटलेल्या शेगडीला वास येत नाही. रुआंच्या वेळीही पॅरिस आणि लंडनकडे पोचलेलं प्रमाण धोक्याच्या पातळीपासून फार दूर होतं. वास मात्र सगळ्यांना आला, कारण नाकाचं माप वेगळं असतं आणि विषाचं वेगळं.

सिलिंडर संपत आला की वास जास्त येतो असं बऱ्याच जणांना जाणवतं. तो भास नाही. एलपीजीतला प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, इथाइल मरकॅप्टन ३५ अंशांना. त्यामुळे गॅस आधी भराभरा निघून जातो आणि मरकॅप्टन तळाच्या द्रवात मागे रेंगाळतं. शेवटच्या हप्त्यात त्याचं प्रमाण वाढलेलं असतं. अर्थात, ‘सिलिंडर संपत आला असेल’ असं म्हणून वासाकडे दुर्लक्ष करायचं नाही. आधी जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं.

वास नाही, म्हणजे गळती नाही?

हा समज खरोखर धोक्याचा आहे आणि यावर जरा थांबायला हवं.

एस-एच गटाची एक खोड अशी की ऑक्सिजन किंवा तत्सम काही मिळालं की दोन थायॉल आपापला हायड्रोजन सोडून देतात आणि त्यांचे गंधक एकमेकांना जोडले जातात. या गंधक-गंधक जोडणीला डायसल्फाइड म्हणतात. कपड्यावरच्या टिचबटणाची दोन अर्धुकं दाबून बसवावीत तसं. आणि टिचबटणासारखंच ते पुन्हा उघडताही येतं, फक्त योग्य रसायन हवं. एकदा बटण लागलं की रेणू जवळपास दुप्पट जड होतो, सहजी उडत नाही, आणि वास पुष्कळ कमी होतो.

नव्या पोलादी टाकीच्या आत गंज असेल तर तो नेमकं हेच करतो. गॅस तसाच राहतो, त्यातलं मरकॅप्टन मात्र गुपचूप डायसल्फाइड होऊन बसतं. याला वास विरणं म्हणतात, आणि यामुळे अपघात झालेले आहेत. जमिनीखालच्या नळातून वायू गळत असेल तर वर येता येता माती मरकॅप्टन शोषून घेते आणि बाहेर पडतो तो बिनवासाचा वायू. त्यात नाकाचा स्वभाव: थोडा वेळ तोच वास घेत राहिलं की नाक त्याची नोंद घेणं बंद करतं. आधी आलेला वास आता येत नाही, याचा अर्थ गळती थांबली असा नव्हे. वयोमानाने, सर्दीने किंवा करोनानंतर ज्यांची वास घेण्याची शक्ती गेली आहे त्यांना तर हा पहारेकरी असून नसल्यासारखाच.

म्हणून वासाला एकमेव इशारा मानू नये, शक्य तिथे गॅसची गळती टिपणारं यंत्र बसवावं, असं माझं मत आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, तेव्हा ते यंत्र जमिनीलगत. नैसर्गिक वायू हलका, तेव्हा छतालगत. आणि वास आला तर विजेचं कुठलंही बटण ना चालू करायचं, ना बंद. खिडक्या उघडायच्या, गॅस बंद करायचा, बाहेर पडायचं आणि फोन बाहेरूनच करायचा.

तेच टिचबटण इतर ठिकाणी

एकदा ही जोडणी लक्षात आली की कितीतरी असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो. खनिज तेलात गंधक जास्त असेल तर त्याला ‘आंबट’ तेल म्हणतात. त्यातली मरकॅप्टनं इंधनाला घाण वास देतात आणि यंत्रांचे धातू खातात. तेलशुद्धीकरण कारखाने हवा आणि उत्प्रेरक वापरून त्या मरकॅप्टनांचं डायसल्फाइड करून टाकतात. या प्रक्रियेला त्या धंद्यात तेल ‘गोड करणं’ म्हणतात. (चव कुणी घेऊन बघितली होती ते विचारू नका. जुन्या काळी तेलवाले खरोखर घेत असत म्हणे.)

स्कंक हा मांजराएवढा अमेरिकी प्राणी शत्रूवर जो फवारा मारतो त्यातही थायॉलच असतात. फवारा खाल्लेल्या कुत्र्याला साबणाने कितीही धुतलं तरी वास जात नाही. त्यावर चालतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि थोडा साबण यांचं ताजं मिश्रण: पेरॉक्साइडचा ऑक्सिजन थायॉलचं रूपच बदलून टाकतो. हे मिश्रण बाटलीत भरून ठेवायचं नाही, वायू सुटून बाटली फुटते.

आणि केस. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनतात. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या, आणि त्यातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला एस-एच गट असतो. केराटिनात सिस्टीन भरपूर. शेजारशेजारच्या साखळ्यांमधली ही टिचबटणं लागलेली असतात, म्हणून केस मजबूत राहतो आणि आपला आकार धरतो. केस कायमचे कुरळे करताना आधी थायोग्लायकोलेट नावाचं द्रव्य लावतात. ते स्वतः थायॉल आहे. ते केसातली काही बटणं उघडतं. मग केस रोलरवर गुंडाळलेले असतानाच हायड्रोजन पेरॉक्साइड लावतात, आणि बटणं पुन्हा लागतात, पण आता नव्या जागी, नव्या जोडीदाराशी. पाण्याने धुतलं तरी कुरळेपणा जात नाही, कारण बदल रेणूंच्या जोडणीत झालेला असतो. नवे केस मात्र मुळातून पहिल्यासारखेच येतात.

केस काढायच्या क्रीममध्येही थायोग्लायकोलेटच असतं, फक्त तिथे मिश्रण जास्त अल्कधर्मी असतं. बटणं इतकी उघडतात की केस मऊ लगदा होऊन पुसला जातो. त्या क्रीमला येणारा विचित्र वास लपवायला कंपन्या सुगंध ओततात, तरी तो डोकं वर काढतोच. वेष्टनावर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा जास्त वेळ ते ठेवू नये, कारण त्वचेच्या वरच्या थरातही केराटिनच आहे आणि क्रीमला दोन्हीतला फरक कळत नाही.

शरीराच्या आत हीच जोडणी कितीतरी नाजूक कामं करते. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं दोन साखळ्यांत असतात. त्या दोन साखळ्यांना दोन डायसल्फाइड जोडण्या बांधून ठेवतात आणि तिसरी एका साखळीला आतून वाकवते. या तीन जोडण्या नेमक्या जागी नसतील तर इन्सुलिन काम करत नाही. इन्सुलिनची संपूर्ण रचना उलगडल्याबद्दल फ्रेडरिक सँगर यांना १९५८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पारा पकडणारा

आता पुन्हा त्साइसेंच्या निरीक्षणाकडे, कारण त्याची खरी किंमत वैद्यकात आहे. पारा, आर्सेनिक, शिसं यांची विषबाधा होते ती बऱ्याच अंशी यामुळे की हे धातू आपल्या प्रथिनांमधल्या एस-एच गटांना जाऊन चिकटतात. ज्या विकराचं (म्हणजे एन्झाइमचं) काम त्या गटावर अवलंबून असतं ते ठप्प होतं. विषाचं काम कळलं तसा उताराही त्यातूनच सुचला. दुसऱ्या महायुद्धात ल्युइसाइट या आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर उतारा शोधताना ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांच्या गटाने असा रेणू तयार केला ज्यात दोन एस-एच गट शेजारीशेजारी होते. ते आर्सेनिकला दोन बाजूंनी धरून शरीराबाहेर नेत. त्याला डायमरकॅप्रॉल म्हणतात. मरकॅप्टन हे नाव तिथे अजून शाबूत आहे. शिशाच्या विषबाधेसाठी आज वापरलं जाणारं सक्सिमर याच तत्त्वावर चालतं. विल्सन या आजारात शरीरात तांबं साठत जातं, तिथे १९५६ पासून वापरात आलेलं पेनिसिलामिन हाही थायॉलच.

हे वाचून ‘शरीर डिटॉक्स करणाऱ्या’ गोळ्यांकडे वळू नका. ही औषधं उपयोगी धातूही ओढून नेतात, आणि चुकीच्या धातूवर चुकीचं औषध दिलं तर विष मेंदूकडे सरकू शकतं. मिथाइल पाऱ्याच्या विषबाधेत डायमरकॅप्रॉल याच कारणासाठी टाळतात.

रोजचं उदाहरण हवं तर पॅरासिटामॉल घ्या. यकृतात त्याचा थोडा भाग एका घातक पदार्थात बदलतो. ग्लुटाथायोन नावाचा आपल्याच पेशींतला थायॉल त्या पदार्थाला लगेच निकामी करतो. एकदम खूप गोळ्या पोटात गेल्या तर ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृत जळू लागतं. अशा रुग्णाला एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन देतात, म्हणजे पुन्हा थायॉलच, ज्यापासून शरीर ग्लुटाथायोन बनवतं. पहिल्या आठ तासांत दिलं तर ते फार चांगलं काम करतं. बाटली उघडली की त्यालाही सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो औषध खराब झाल्याचा नसतो.

थायो, सल्फेट, सल्फाइट, सल्फा: सगळं एकच का?

नाही, आणि इथे सर्वात जास्त गफलत होते. गंधक सगळ्यांत आहे, पण गंधकाला कोण चिकटलंय यावर सगळं ठरतं. थायॉलमध्ये त्याला हायड्रोजन आहे. सल्फाइटमध्ये तीन ऑक्सिजन आणि सल्फेटमध्ये चार. शाम्पूतल्या सल्फेटचा मरकॅप्टनशी किंवा त्याच्या वासाशी काही संबंध नाही. नावात ‘थायो’ किंवा ‘थाया’ दिसलं तर एवढंच कळतं की आत गंधक आहे. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, याच्या नावात ते आहे, पण त्यात एस-एच गट नाही. नावाच्या शेवटी ‘थायॉल’ किंवा पुढे ‘मरकॅप्टो’ असेल तर मात्र तो या घराण्यातला.

‘मला सल्फाची अ‍ॅलर्जी आहे, मग गंधक असलेलं काहीच चालणार नाही का?’ हा प्रश्न नेहमी येतो. सल्फा औषधांमध्ये (हा जिवाणूंवरच्या औषधांचा एक गट) गंधकाला दोन ऑक्सिजन आणि एक नायट्रोजन जोडलेला असतो. अ‍ॅलर्जी असते ती त्या विशिष्ट औषधांची. गंधक या मूलद्रव्याची अ‍ॅलर्जी असणं शक्यच नाही, ते तर आपल्या प्रत्येक पेशीत आहे. रक्तदाबावर १९८१ पासून वापरात असलेलं कॅप्टोप्रिल हे थायॉल आहे: त्यातला गंधक रक्तदाब वाढवणाऱ्या एका विकरातल्या जस्ताला जाऊन धरतो. त्याचा सल्फा औषधांशी रासायनिक संबंध नाही. पण कॅप्टोप्रिलच्या स्वतःच्या तक्रारी आहेत. अंगावर पुरळ उठणं आणि तोंडाची चव जाणं या त्यातल्या दोन, आणि त्यांचं खापर बऱ्याचदा त्या एस-एच गटावरच फोडलं जातं. त्याच जातीची पुढची रक्तदाबाची औषधं, उदाहरणार्थ एनालाप्रिल, हा गट वगळूनच बनवली गेली. तेव्हा डॉक्टरांना ‘गंधकाची अ‍ॅलर्जी’ असं मोघम सांगण्याऐवजी कोणत्या औषधाने नेमकं काय झालं होतं ते औषधाच्या नावासकट सांगावं.